चेहऱ्यावर मांडलेला हिशेब

कमांडर शेपर्ड पहिल्या पाच मिनिटांतच मरते. तिचं यान फुटतं, हवेची नळी तुटते आणि ती एका बर्फाळ ग्रहाकडे कोसळत जाते. दोन वर्षांनी ती ऑपरेशनच्या टेबलावर डोळे उघडते. मधल्या काळात सर्बेरस नावाच्या एका बदनाम संघटनेने चार अब्ज क्रेडिट ओतून तिला पुन्हा उभं केलेलं असतं. प्रकल्पाचं नाव लॅझरस, म्हणजे बायबलमधला, येशूने कबरीतून हाक मारून उठवलेला माणूस. चेहरा तिचाच, पण जबड्यावर आणि गालावर भेगा राहिलेल्या, आणि त्या भेगांच्या आत निखाऱ्यासारखी धग.

‘मास इफेक्ट २’ हा बायोवेअर या कॅनडातल्या कंपनीचा खेळ जानेवारी २०१० मध्ये आला. माझा मुलगा तो आत्ता, २०२१ साली नव्याने काढलेल्या आवृत्तीत खेळतो आहे. शेपर्ड पुरुष घ्यायचा की बाई, हे खेळणाऱ्यावर असतं. त्याने बाई घेतली. खोक्यावर छापलेलं वय त्याचं अजून झालेलं नाही, हे मला माहीत आहे. त्यावरून घरात एक वाद होऊन गेला आणि त्यात मी हरले.

तर या भेगांची गंमत अशी, की त्या शेपर्डच्या वागण्यावर बदलतात. खेळात जागोजागी निवड करावी लागते. समजुतीने, दयेने वागलं की निळ्या खात्यात गुण, त्याला पॅरागॉन म्हणतात. दांडगाई केली की लाल खात्यात, ते रेनेगेड. उदाहरणार्थ, एका उंच इमारतीत एक भाडोत्री सैनिक खिडकीला पाठ लावून उभा असतो आणि शेपर्डला धमकावत असतो. तेवढ्यात पडद्यावर लाल खूण लुकलुकते. बटण दाबलं की शेपर्ड त्याला काचेसकट खाली ढकलून देते. माझ्या मुलाने ते दाबलं. पुढे तो असाच वागत राहिला, आणि भेगा रुंदावत गेल्या, डोळ्यांतही लाली उतरली. निळ्या वाटेने जाणाऱ्याचा चेहरा हळूहळू भरून येतो आणि शेवटी नितळ होतो. यानावर डॉक्टर चॅकवास म्हणून एक वयस्कर, समंजस बाई आहेत. त्यांचं वैद्यकीय मत असं, की मन शांत आणि विधायक ठेवलं तर जखमा लवकर भरतील, आक्रमक वृत्तीने त्या चिघळतील.

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते, त्यामुळे मुलाच्या खांद्यावरून हे बघताना मला प्लेटो आठवणं साहजिक होतं. ‘गॉर्जियस’ या संवादाच्या शेवटी सॉक्रेटिस एक कथा सांगतो. क्रोनसच्या राज्यात आणि झ्यूसच्या सुरुवातीच्या काळात माणसाचा निवाडा त्याच्या मरणाच्या दिवशी, पण जिवंतपणीच व्हायचा. न्यायाधीशही जिवंत माणसंच. आरोपी देखणा देह, उंची कपडे, मोठं घराणं आणि बाजूने बोलणारे साक्षीदार घेऊन यायचे, आणि निकाल चुकायचे. तक्रारी वर गेल्या. मग झ्यूसने नियम बदलला: निवाडा मेल्यावर, आणि सगळं उतरवून. उघड्या आत्म्याने उघड्या आत्म्याला पाहायचं. ऱ्हाडामँथससमोर आलेला आत्मा कोणाचा आहे, हे त्याला ठाऊक नसतं. तो पर्शियाच्या सम्राटाचाही असेल. त्याला दिसतात ते खोट्या शपथांनी आणि अन्यायाने त्या आत्म्यावर उठलेले वण.

खेळ रचणाऱ्यांनी हे वाचलं होतं की नाही, याच्याशी मला कर्तव्य नाही. कल्पना तीच आहे. फरक एवढाच, की प्लेटोने मरणानंतरच्या दरबारात ठेवलेला आरसा त्यांनी शेपर्डच्या न्हाणीघरात आणून टांगला. पण हा फरक एवढासा नाही. प्लेटोला वण आत्म्यावर न्यावे लागले, कारण चेहऱ्यावर त्याचा भरवसा नव्हता. चेहऱ्याने न्यायाधीश फसतात, ही तर त्याची मूळ तक्रार. खेळाने ते वण पुन्हा चेहऱ्यावर आणले आणि फसवणुकीचं जुनं दार उघडून दिलं.

ते दार कधी बंद नव्हतंच म्हणा. खलनायकाच्या गालावर चिरा पाडायची रीत सिनेमाइतकीच जुनी आहे. १९९४ च्या ‘लायन किंग’मध्ये तर दुष्ट काकाचं नावच त्याच्या डोळ्यावरच्या वणावरून पडलेलं. २०१८ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जाहीर केलं, की चेहऱ्यावरचे वण दुष्टपणाची खूण म्हणून वापरणाऱ्या चित्रपटांना यापुढे आपला पैसा मिळणार नाही. चेहऱ्यावर वण असलेल्या माणसांच्या एका ब्रिटिश संस्थेने त्यासाठी मोहीम चालवली होती. ती बातमी वाचून मला बरं वाटलं. माझा स्वतःचा वरचा ओठ दुभंगलेला होता.

गडहिंग्लज हे आमचं गाव. माझा जन्म मे १९८० चा. त्याआधी १६ फेब्रुवारीला, शनिवारी दुपारी, सूर्यग्रहण झालं. खग्रास पट्टा कारवार-अंकोल्याकडून गदग-रायचूरवरून ओडिशाकडे गेला. आमच्याकडे खग्रास नव्हतं, पण सूर्य जवळजवळ झाकला गेला. तिकडे मुंबईतसुद्धा रस्ते ओस पडले होते. आईला सहावा महिना होता. मे महिन्यात मी बाहेर आले ती उजवीकडे नाकपुडीपर्यंत उकललेला ओठ घेऊन, आणि घरातल्या कोणालाही कारण शोधायला लांब जावं लागलं नाही.

आजीचं म्हणणं, सुनेने ग्रहणात दोडका चिरला. आत्याला आठवत होतं ते निराळंच: वहिनी परड्यात गेली आणि तिच्यावर सावली पडली. आई सुरुवातीला ठामपणे सांगायची, की मी विळीला हातसुद्धा लावला नाही, आतल्या खोलीत गप्प पडून होते. पण वर्षं गेली तशी ती स्वतःच शोधायला लागली. पोलक्याचं बटण तुटलं होतं ते त्या दुपारी टाचलं की आदल्या रात्री? नखाने पापडाचा कोपरा मोडला, ते चिरण्यात धरतात का? मी आठवी-नववीत असताना तिने मला एकदा विचारलं होतं, “तुला काय वाटतं गं, सुई चालते का?” हा प्रश्न ती विज्ञान शिकणाऱ्या मुलीला विचारत होती की फिर्यादीला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वरचा ओठ गर्भात सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळून येतो. नाकाकडून आणि दोन्ही गालांकडून वाढत आलेले भाग एकमेकांना गाठतात, आणि एखादा गाठत नाही. फेब्रुवारीत सूर्य झाकला तोवर माझा ओठ दुभंगून तीन-चार महिने उलटले होते. साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एका बाळाचं असं होतं. त्यात आनुवंशिकतेचा भाग असतो, काही औषधांचा, धूम्रपानाचा, पोषणाचा असू शकतो, आणि बऱ्याच वेळा एकच एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. मिरजेला माझं ऑपरेशन झालं. डॉक्टर त्या काळी, आणि आजही, दहाचा नियम सांगतात: बाळ दहा आठवड्यांचं, दहा पौंडांचं, आणि रक्तात दहा ग्रॅम हिमोग्लोबिन. ओठाची लाल कड जिथे कातडीला मिळते ती रेघ शिवताना एका मिलिमीटरने चुकली तरी समोरच्याला कळते. माझी किंचित चुकली आहे. लिपस्टिक लावताना मी तिथे थोडी लबाडी करते.

आता मूळ प्रश्न. वणाचा अर्थ लावला जातो, तेव्हा त्याचं बिल कोणाच्या नावावर फाडलं जातं? माझ्या ओठाचा अर्थ लावणाऱ्या कोणी मला कधी दोष दिला नाही. गावातल्या बायका माझ्याशी मायेनेच वागल्या. दोष आईकडे गेला. चेहऱ्यावर नैतिक हिशेब मांडला जातो असं एकदा मानलं, की चेहरा ज्याचा त्याने तो केला नसेल तर कोणी केला, हा शोध आपोआप सुरू होतो आणि घरातल्या सगळ्यांत गरीब माणसापाशी जाऊन थांबतो.

मजा अशी, की हा सिद्धान्त ज्या खेळाने मांडला, त्याच खेळाने तो मोडलाही आहे. शेपर्डचा सोबती गॅरस हा ट्युरियन, म्हणजे पक्ष्यासारख्या चेहऱ्याची एक परग्रहावरची जात. आधी तो पोलिसांत होता. ओमेगा नावाच्या गुंडांच्या वस्तीत त्याने टोळ्यांविरुद्ध आपली एक तुकडी उभी केली. तुकडीतल्याच सिडोनिसने दगा दिला आणि दहा जण मारले गेले. शेपर्ड पोचते तेव्हा गॅरस एकटा एका इमारतीत दबा धरून तीन टोळ्यांशी लढत असतो. शेवटी एक लढाऊ विमान खिडकीशी येतं आणि त्याच्या तोंडावर रॉकेट डागतं. उजवी बाजू जळून जाते. त्या विमानाची दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकला शेपर्डने आधी मारलं काय, सोडलं काय, रॉकेट चुकत नाही. मुलाने मला हे मुद्दाम दाखवलं, आधीचा खेळ पुन्हा लावून.

ऑपरेशननंतर गॅरस चालत आत येतो आणि चेहरा कितपत बिघडलाय, असं विचारतो. दोघं त्यावर थट्टा करतात. चिलखताच्या गळ्याशी उडालेला तुकडासुद्धा तो बदलत नाही. पुढे सिडोनिस सापडतो. गॅरस दुरून बंदूक रोखतो, आणि शेपर्ड मध्ये उभी राहून नेम अडवू शकते किंवा बाजूला होऊ शकते. सूड घेतला किंवा क्षमा केली, गॅरसचा गाल तसाच राहतो. एकाच यानावर, एकाच डॉक्टरच्या हाताखाली, एक चेहरा सद्गुणांनी भरून येतो आणि दुसऱ्याला सद्गुणांचा काडीचा उपयोग नाही. खेळ रचणाऱ्यांना यातली विसंगती जाणवली नसेल, पण मला गॅरसमध्ये जास्त सत्य दिसतं. अधिक भारतीय सत्य, असं म्हणायचा मोह होतो.

कारण आपल्याकडचा कर्मसिद्धान्त, निदान शास्त्रात, शेपर्डच्या आरशाइतका झटपट कधीच नव्हता. वेदान्ताने कर्माचे तीन भाग केले. साठलेलं ते संचित, आत्ता करतो ते क्रियमाण, आणि ज्याने फळ द्यायला सुरुवात केली आहे ते प्रारब्ध. ज्ञान झालं की संचित जळतं, पण प्रारब्ध भोगूनच संपवावं लागतं. सुटलेला बाण परत घेता येत नाही, हा त्यासाठीचा नेहमीचा दृष्टान्त. म्हणजे ब्रह्म जाणलेल्या माणसाचीही पाठ दुखते, आणि त्याच्या ओठावरचा वण ज्ञान झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पुसला जात नाही. शरीराकडे बघून माणूस आज कसा आहे, हे सांगता येत नाही. मला वेदान्तातल्या पुष्कळ गोष्टी पटत नाहीत, ही एक पटते.

बौद्ध परंपरेत हेच अंगुलिमालाच्या कथेत आहे, आणि तिथे ते जास्त बोचतं. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा हा दरोडेखोर भिक्षू होतो, पुढे अर्हत होतो. एका सकाळी तो श्रावस्तीत भिक्षेला जातो. कोणाचं ढेकूळ, कोणाची काठी, कोणाचं खापर त्याला येऊन लागतं. डोकं फुटलेलं, पात्र मोडलेलं, चीवर फाटलेलं, असा तो परत येतो. बुद्ध त्याला सोसायला सांगतात: नरकात दीर्घकाळ भोगायचं ते तू इथे भोगतो आहेस. चॅकवासबाईंच्या हिशेबाने अंगुलिमालाचा चेहरा एव्हाना नितळ व्हायला हवा होता. इथे तो पूर्ण चांगला झाल्यानंतर फुटतो. याच सुत्तात आणखी एक प्रसंग आहे. अडलेली एक बाळंतीण पाहून अंगुलिमाल हेलावतो, आणि बुद्धांच्या सांगण्यावरून, आपल्या नव्या जन्मापासून आपण जाणूनबुजून कोणाला मारलेलं नाही, या सत्याच्या बळावर तिची सुटका करतो. श्रीलंकेत आजही गरोदर बायकांसाठी हा पाठ म्हणतात. आमच्या आजीने हे ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता.

तरी अंगुलिमालाची निदान करणी होती. ज्याची काहीच करणी नाही त्याच्या वणाचं काय? ही गोष्ट आपल्याला पोथीत सापडते. देवांत श्रेष्ठ कोण, हे पाहायला भृगू ऋषी वैकुंठात जातो आणि निजलेल्या विष्णूच्या छातीवर लाथ मारतो. विष्णू उठतो आणि ऋषीचे पाय चेपत विचारतो, माझी छाती कठीण, तुमच्या पायाला लागलं तर नाही ना? लाथेची खूण तो भूषण म्हणून ठेवतो. तेच श्रीवत्सलांछन, असं कथेकरी सांगतात. पंढरीच्या विठ्ठलाच्या छातीवरही ते दाखवतात. कीर्तनात इथे टाळ वाजतात, क्षमेचा महिमा होतो. लहानपणी मला ही कथा फार आवडायची, कारण देवाच्या अंगावरही वण होता आणि तो त्याचा दोष नव्हता.

पण कथा तिथे संपत नाही. त्या छातीत लक्ष्मी राहते. लाथ तिच्या घरावर बसली, आणि क्षमा करताना तिला कोणी विचारलं नाही. ती रागावून वैकुंठ सोडते आणि करवीराला, म्हणजे आमच्या कोल्हापुरात, येऊन राहते. अजूनही नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो, आणि लोक त्यात तिची समजूत काढणं पाहतात. सोसणाऱ्याने आपला वण मिरवावा, हसण्यावारी न्यावा, हा त्याचा अधिकार आहे. विष्णूचा आहे, गॅरसचा आहे, माझाही आहे. मी माझ्या ओठावर वर्गात विनोद करते. पण त्याच वणापायी दुसऱ्या कोणाला लागलेला बट्टा माझ्या विनोदाने निघत नाही. आईने माझ्या विनोदांवर कधी हसून दाखवलं नाही. मला ते लक्ष्मीच्या बाजूचं वाटतं.

२०१० च्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला, सूर्यग्रहण आलं. पुण्यात खंडग्रास, ऐन दुपारचं. मुलगा पोटात होता. आई दोन दिवस आधीच गडहिंग्लजहून आली होती आणि तिने विळी, सुऱ्या, कात्री, सुयांचा डबा, नवऱ्याचं दाढीचं सामानसुद्धा एका पिशवीत घालून माळ्यावर टाकलं होतं. नवरा म्हणाला, “तू तत्त्वज्ञान शिकवतेस ना? एक काकडी कापून दाखव त्यांना, विषय कायमचा संपेल.” मी ऐकलं नाही, दुपारभर हात मांडीवर ठेवून बसले. भीती वाटली म्हणून नव्हे. सोनोग्राफीत ओठ नीट दिसला होता. पण माझ्यासारख्या बाईच्या मुलाचा ओठ दुभंगण्याची शक्यता शंभरात तीन-चार तरी असते, आणि सोनोग्राफी चुकूही शकते. तसं काही निघालं असतं तर ते माझ्या रक्तातून आलेलं असतं. नातेवाइकांनी मात्र काकडीचा हिशेब मांडला असता, आणि तो माझ्या नावावर न पडता, मुलीला आवरता आलं नाही म्हणून पुन्हा आईच्याच नावावर पडला असता. स्वतःच्या जिवावर बंडखोरी करायला माझी ना नाही, आईला जामीन ठेवून करायची नव्हती.

मुलाला यातलं काही सांगितलेलं नाही, ओठाचं सोडून. ते त्याला दिसतंच. गेल्या आठवड्यात त्याच्यापुढे एक निवड आली. खेळात चांगलं वागायचं नसेल तरी भेगा घालवण्याची एक सोय ठेवलेली आहे: यानाच्या दवाखान्यासाठी एक यंत्र विकत घ्यायचं, किंमत ५०,००० प्लॅटिनम. पापाचं प्रायश्चित्त रोखीत. सोळाव्या शतकात लूथर चर्चवर चिडला तो अशाच माफीपत्रांच्या विक्रीवरून, आणि आपल्याकडेही ब्राह्मणाला गाय देऊन सुटण्याच्या तरतुदी कमी नव्हत्या. प्लॅटिनम फुकट मिळत नाही. एकेक ग्रह यंत्राने चाचपत, खाली प्रोब सोडत ते जमवावं लागतं, आणि हे काम अत्यंत कंटाळवाणं आहे. दुसरीकडे गॅरसने यानासाठी एक नवी तोफ सुचवली आहे, १५,००० ची. ती बसवली नाही तर शेवटच्या मोहिमेत सोबत्यांपैकी एकाचा जीव जातो.

मुलाने तोफ घेतली. मी विचारलं, “आणि चेहऱ्याचं?”

“आई, चेहऱ्याने काय होतं? गोळीबारात काही फरक पडत नाही.” मग थोड्या वेळाने, “शिवाय भारी दिसतं.”

त्याचे प्रोब संपले आहेत, म्हणून तो सध्या वैतागलेला आहे.